लाकडी छपरात डॉर्मर काढताना या चुका टाळा

गोरेगावच्या ऑफिसात बसून आम्ही स्वित्झर्लंडमधल्या घरांची लाकडी छपरं काढतो. सॉफ्टवेअर कॅडवर्क असो, सेमा असो, भिंती आणि साधं दुपाखी छप्पर नवा मुलगा पटकन उचलतो. अडतो तो डॉर्मरपाशी. उतरत्या छपरातून बाहेर डोकावणारी ही खिडकी मुंबईत फारशी दिसत नाही, त्यामुळे ती कशावर उभी असते हे डोळ्यांच्या सवयीचं नसतं.

मग तो डॉर्मर म्हणजे एक छोटं घर समजून वेगळा काढतो आणि छपरावर नेऊन बसवतो. थ्रीडीत झकास दिसतं. पण कौलांचा थर बंद करा, की मूळ वासे खिडकीच्या मधून सरळ आरपार गेलेले दिसतात. आधी फक्त पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, काढा, ती एकमेकांना कुठे मिळतात ती रेष पक्की करा, आणि मगच लाकडाला हात लावा.

ती रेष अंदाजाने ठेवू नका. मुख्य पाखं 45 अंशांचं, डॉर्मरचं एकपाखी छप्पर 15 अंशांचं, आणि पुढच्या भिंतीपाशी दोन्हींच्या वाशांच्या वरच्या कडांमध्ये 1.40 मीटर उभं अंतर आहे असं धरू. टॅन 45 मधून टॅन 15 वजा केला की 0.732 उरतात. 1.40 भागिले 0.732, म्हणजे आडव्या मापात 1.91 मीटर मागे दोन्ही पाखी मिळतात. आर्किटेक्टने ‘जरासा’ उतार वाढवून 20 अंश केला तर तीच रेष 2.20 मीटरवर जाते. आढं त्याच भिंतीपासून आडव्या मापात 2.10 मीटरवर असलं तर डॉर्मर आढ्याच्या वर निघाला!

आता माझी स्वतःची चूक. दोन्ही पाख्यांच्या वाशांवर 160 मिलिमीटरचं इन्सुलेशन होतं. जाडी सारखी, म्हणजे रेष तीच राहणार, असं मी धरून चाललो. जाडी पाख्याला काटकोनात मोजतात. उभी मोजली तर 45 अंशांवर ती 226 मिलिमीटर भरते आणि 15 अंशांवर 166. हा 60 चा फरक 0.732 ने भागला की वरच्या थराची रेष वाशांच्या रेषेपेक्षा 8 सेंटिमीटर पुढे सरकते. मी पत्र्याचं माप वाशांच्या रेषेवरून दिलं होतं. पुढे काय झालं ते सांगत नाही. तेव्हापासून प्रत्येक पाख्यासाठी माप वाशाच्या माथ्यावरून घेतोय की कौलांवरून, हे फाइलमध्येच लिहून ठेवतो.

डॉर्मर दुपाखी असेल तर व्हॅली, म्हणजे दोन पाखी आत मिळतात ती पन्हळ, प्लॅनमध्ये 45 अंशांवर काढायची सवय मोडा. दोन्ही उतार सारखे असतील तरच ते खरं. मुख्य 45 आणि डॉर्मर 30 असेल तर व्हॅली प्लॅनमध्ये मुख्य छपराच्या वळचणीच्या रेषेशी 30 अंश करते आणि तिचा स्वतःचा उतार 26.6 अंश येतो.

डॉर्मरच्या बाजूच्या भिंतींना जर्मनमध्ये ‘गाल’ म्हणतात. हा गाल दोन वाशांच्या मधे अधांतरी ठेवू नका, खाली वासा हवाच. कापलेल्या वाशांची टोकं धरणारा आडवा ट्रिमर त्यांचा भार बाजूच्या दोन वाशांवर टाकतो, म्हणून ते वासे बाकीच्यांइतकेच बारीक ठेवण्याआधी इंजिनियरला विचारा. सॉफ्टवेअर मुकाट्याने काढून देतं, भाराचं विचारत नाही. ट्रिमर उभा हवा की पाख्याला काटकोनात, हेही तेव्हाच विचारून घ्या, कारण टोकांचे काप त्यावर बदलतात.

सॉफ्टवेअरमध्ये वासा पाख्यापाशी कापलाच जात नसेल तर बहुतेक वेळा पाखंच तोकडं असतं, त्याला पुढे वाढवा. व्हॅलीत केसाएवढी फट दिसली तर उतार कुणीतरी 15 ऐवजी 14.9 टाकलाय का बघा.

फाइल पाठवण्याआधी कटलिस्ट, म्हणजे कापायच्या तुकड्यांची यादी, लांबीनुसार लावा. डॉर्मर दोन्ही बाजूंना सारखा असेल तर तिरपे तुकडे डाव्या-उजव्या जोडीने यायला हवेत. एखादा एकटा पडला, किंवा जोडीत 3 मिलिमीटरचा फरक निघाला, तर तो तुकडा उघडून बघा. उन्हाळ्यात आपल्या साडेबाराला तिकडे नऊ वाजतात आणि फोन सुरू होतात, हे काम त्याआधी उरका.