जुन्या चाळीचा अभ्यास अनेक विद्याशाखांनी मिळून कसा करावा

मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) चाळींची दुरुस्ती हा अभियंत्यांचाच विषय आहे, असे धरून सुरू झालेला अभ्यास बहुधा अहवालापाशी थांबतो. तुळई कशाने कुजली हे अभियंता सांगू शकतो; परंतु तिच्यावर वर्षानुवर्षे पाणी का मुरत राहिले, ते कोणी थांबवायचे आणि खर्च कोणाच्या माथी पडणार, हे त्याच्या मोजमापांत सापडत नाही. त्यासाठी अभियंता, वास्तुरचनाकार, डॉक्टर, समाजशास्त्राचा अभ्यासक आणि भाडेकायदा जाणणारा वकील यांना पहिल्या दिवसापासून एकत्र बसवावे लागते.

सुरुवात प्रश्नापासून करावी. ‘चाळीतील राहणीमान सुधारणे’ असा विषय घेतला की प्रत्येक जण आपापले प्रकरण लिहितो आणि शेवटी ती एकत्र शिवली जातात. त्याऐवजी एकट्याला सोडवताच येणार नाही असा नेमका प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, ‘पावसाळा संपल्यावर या खोलीची भिंत किती दिवसांनी कोरडी होते, आणि शेजारची त्याआधीच का होते?’

पहिली भेट सर्वांनी मिळून, प्रश्नावली न घेता, आणि शक्यतो नळाला पाणी येण्याच्या वेळी द्यावी. समजा, पहिल्या मजल्यावरील खोलीच्या छतावर ओलीचा डाग आहे आणि तुळईचे भिंतीत रुतलेले टोक टोचणीने दाबले की मऊ लागते. अभियंता ‘टोक कुजले आहे’ अशी नोंद करतो. वर जाऊन पाहिले तर डागाच्या नेमके वर खोलीतच बांधलेली मोरी असते आणि तिच्या कडेला दोनशे लिटरचा पिंप असतो, म्हणजे भरला की दोनशे किलोचा भार. पिंप का ठेवला हे घरातील बाई सांगते: पाणी ठरावीक वेळीच येते आणि सामाईक नळावर रांग लागते. बाहेरच्या भिंतीवर मूळच्या चुन्याच्या गिलाव्याऐवजी सिमेंटचा थर दिलेला असेल, तर आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही, हे वास्तुरचनाकाराच्या लक्षात येते. डॉक्टर त्या खोलीतील मुलाच्या दम्याची चौकशी करतो. आणि वकील सांगतो की १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार घरमालकाने नोटिशीनंतर पंधरा दिवसांत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. अनेक पागडीच्या खोल्यांचे भाडे इतके अल्प आहे की त्या चतुर्थांशात मोरीची फरशीही बदलून होत नाही. एका डागाचे हे सगळे धागे एकाच दुपारी हाती येतात. वेगवेगळ्या दिवशी गेलेल्यांना ते क्वचितच जुळवता येतात.

नोंदींसाठी एकच नकाशा आणि एकच खोली क्रमांक वापरावा. ओलावा, प्रकाश, आजारपण, भाड्याची पावती, सगळे त्याच क्रमांकाखाली यावे. मात्र आरोग्याच्या नोंदींतून माणूस ओळखता येतो, म्हणून नावांची यादी वेगळी आणि कुलूपबंद ठेवावी. चाचण्या इमारत पाहून निवडाव्यात: १९२०च्या दशकातील बीडीडी चाळी काँक्रीटच्या आहेत, तेथे रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा तपासणारे हातोडीसारखे उपकरण) उपयोगी पडतो, लाकडी तुळयांच्या चाळीत तो निरर्थक आहे.

शब्दांवर एकमत करण्यासाठी एक संपूर्ण बैठक द्यावी, असा माझा आग्रह आहे. अभियंत्याच्या दृष्टीने ‘धोकादायक’ ही एक श्रेणी आहे: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. रहिवाशाला मात्र त्या शब्दात घर सोडण्याची नोटीस ऐकू येते. आपला मसुदा घरमालकाच्या किंवा विकासकाच्या हाती पडला तर काय होईल, हे आधी ठरवले नसेल तर अभ्यासच माणसांना बेघर करू शकतो. म्हणून अहवाल कोणाला आणि कोणत्या क्रमाने द्यायचा, हे लेखी ठरवूनच कामाला हात घालावा.

अशा एकत्रित कामातून काय हाती लागते, याचे उदाहरण गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत आहे. तेथे आयआयटी मुंबईचे संशोधक आणि ‘डॉक्टर्स फॉर यू’ यांच्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध दाटीने उभ्या केलेल्या इमारतींतील अपुऱ्या उजेडाशी आणि वायुवीजनाशी जोडला गेला. केवळ दवाखान्याच्या नोंदींतून इमारतींमधले अंतर दिसले नसते, आणि केवळ नकाशातून रुग्ण दिसले नसते.

वेळापत्रकात किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा धरावा. निष्कर्ष आधी चाळीच्या गॅलरीत, मराठीत, रहिवाशांसमोर वाचून दाखवावेत आणि त्यांनी केलेल्या दुरुस्त्या मूळ नोंदीत घालाव्यात. दुरुस्ती झाल्यावर पुढील पावसाळा उलटला की ओलावामापक घेऊन त्याच खोल्यांत, त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर पुन्हा मोजमाप घ्यावे आणि या कामाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरून ठेवावा.