गावच्या घरचे वीजबिल आणि वीजपुरवठा : हिशेब कसा तपासावा, तक्रार कशी लावून धरावी

गावाकडे वीजबिल हातात आले की बहुतेक घरांत दोनच गोष्टी पाहिल्या जातात, भरायची रक्कम आणि शेवटची तारीख. रक्कम नेहमीसारखी असेल तर कागद खुंटीला अडकवला जातो, आणि जास्त असेल तर ‘मीटर पळतोय’ असे म्हणून वायरमनच्या नावाने बोटे मोडली जातात. बिलाचा वाद असो किंवा रात्र-रात्र वीज नसल्याचा, तो तोंडी बोलण्याने सहसा सुटत नाही. स्वतः टिपून ठेवलेला आकडा आणि तारीख जवळ असेल तर मात्र समोरच्याला दखल घ्यावीच लागते. म्हणून मीटरच्या खाली एक वही आणि पेन्सिल टांगून ठेवावी आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरवरचा आकडा तिच्यात लिहावा. आजचे मीटर एकामागून एक अनेक आकडे दाखवतात. त्यांपैकी ज्याच्या शेजारी किलोवॅट-अवर (kWh) असे चिन्ह येते, तोच युनिटचा आकडा होय.

बिल आले की सर्वप्रथम त्यावरचा मीटर क्रमांक आपल्याच मीटरचा आहे का, हे पडताळावे. शेजारच्या दोन घरांच्या मीटरची अदलाबदल वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानात येत नाही, असे घडू शकते. त्यानंतर ‘चालू रीडिंग’ आणि ‘मागील रीडिंग’ हे दोन आकडे वहीशी ताडून पाहावेत. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी घर बंद, मीटर नादुरुस्त किंवा रीडिंग उपलब्ध नाही अशा अर्थाची नोंद असेल, तर ते बिल प्रत्यक्ष वापराचे नसून सरासरीचे आहे, हे ओळखावे.

आता दराकडे वळू. राज्य वीज मंडळाचे २००५ साली विभाजन झाले आणि ग्रामीण महाराष्ट्राला वीज पोहोचवण्याचे काम महावितरणकडे आले. दर मात्र महावितरण स्वतः ठरवत नाही; ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, आणि महावितरणच्या घरगुती ग्राहकासाठी युनिटचा दर गावात व शहरात एकच असतो. वापराचे टप्पे चार आहेत : महिन्याला १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. येथे एक गैरसमज फार रुजलेला आहे. १०१ वे युनिट पडले की सगळ्याच युनिटना चढा दर लागतो, असे पुष्कळ जण मानतात. तसे नाही. पहिल्या १०० युनिटना पहिलाच दर लागतो आणि फक्त वरच्या युनिटना पुढचा.

एक बिल प्रत्यक्ष मांडून पाहू. २०२४-२५ या वर्षासाठी पहिल्या टप्प्याचा दर ४.७१ रुपये, दुसऱ्याचा १०.२९ रुपये आणि तिसऱ्याचा १४.५५ रुपये होता. शिवाय प्रत्येक युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून पोहोचवण्याचा आकार, आणि सिंगल फेजला महिन्याचा स्थिर आकार १२८ रुपये होता. समजा, वापर १३० युनिट झाला. पहिल्या १०० युनिटचे ४७१ रुपये आणि उरलेल्या ३० युनिटचे ३०८.७० रुपये, म्हणजे वीज आकार ७७९.७० रुपये. त्यात वहन आकाराचे १५२.१० आणि स्थिर आकाराचे १२८ रुपये मिळवले की १,०५९.८० रुपये होतात. यावर १६ टक्के वीज शुल्क १६९.५७ रुपये, आणि एकूण बिल १,२२९.३७ रुपये. इंधन समायोजन आकार, म्हणजे इंधनाच्या खर्चातल्या चढउताराची भर, दर महिन्याला बदलतो, म्हणून तो येथे धरलेला नाही. आयोगाचा नवा आदेश आला की हे आकडे बदलतात, हिशेबाची रीत बदलत नाही. आपल्या बिलाला त्या महिन्याचे दर लावून हीच बेरीज करावी.

या टप्प्यांमुळेच सरासरीचे बिल धोक्याचे ठरते. त्याच घराचे रीडिंग दोन महिने घेतले गेले नाही आणि तिसऱ्या वेळी एकदम ३९० युनिट नोंदले गेले, असे समजू. हा तीन महिन्यांचा वापर असल्यामुळे तीन महिन्यांचे टप्पे मिळाले पाहिजेत, म्हणजे ३०० युनिट पहिल्या दराने आणि ९० युनिट दुसऱ्या दराने; त्याचा वीज आकार २,३३९.१० रुपये होतो. तोच वापर एका महिन्याचा धरला, तर १०० युनिट पहिल्या, २०० दुसऱ्या आणि ९० तिसऱ्या दराने जाऊन तो ३,८३८.५० रुपये होतो. फरक १,४९९.४० रुपयांचा, आणि त्यावरचे शुल्क धरले तर सतराशेच्या वर. म्हणून असे एकत्रित बिल आले की ते किती महिन्यांचे धरले आहे आणि मधल्या काळात भरलेली सरासरीची रक्कम त्यातून वजा केली आहे का, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

कोकणात हा प्रश्न विशेष आहे. घरचे लोक मुंबईला, मीटर पडवीच्या आत आणि पडवीला कुलूप. अशा घरांना सरासरीचे बिल येत राहते आणि गणपतीला चाकरमानी गावी आले की वाद सुरू होतो. त्यांनी मीटर बाहेरच्या भिंतीवर हलवून घेण्यासाठी अर्ज द्यावा, हा त्यातला कायमचा उपाय. तोवर शेजाऱ्याकडून मीटरचा फोटो मागवून महावितरणच्या मोबाइल ॲपवरून ठरलेल्या मुदतीत स्वतः रीडिंग पाठवता येते.

मीटर खरोखर पळतो आहे का, याची प्राथमिक चाचणी घरीही करता येते. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हे पाटीवर लिहिलेले असते, उदाहरणार्थ ३२००. घरातील सर्व बटणे आणि फ्रिजचा प्लग बंद करावा. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये कुठेतरी गळती असण्याचा संभव आहे आणि चांगल्या वायरमनकडून ती शोधून घ्यावी. त्यानंतर पाणी तापवण्याचा १००० वॅटचा रॉड बादलीतल्या पाण्यात पुरता बुडवून, एवढाच एक चालू करावा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजावे. ३२०० च्या मीटरवर सुमारे ५३ लुकलुकी यायला हव्यात. विजेचा दाब (व्होल्टेज) कमी असेल तर त्या कमी येतात, जास्त असेल तर थोड्या वाढतात. पण ७०-८० च्या घरात आकडा गेला, तर मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करण्यास पुरेसे कारण आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.

बिलावर वाद आहे म्हणून पैसेच भरायचे नाहीत, ही चूक मात्र करू नये. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात असेही आहे, की ग्राहकाने हरकत नोंदवून मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. एवढी एक तरतूद गावोगावी माहीत झाली, तर कितीतरी घरे नाहक अंधारात जाणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

पुरवठ्याच्या बाबतीत आपले घर कोणत्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या कोणत्या मुख्य वाहिनीवर, आहे, हे आधी विचारून घ्यावे. जेथे गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा झाला आहे, तेथे गावठाणातल्या घरांना चोवीस तास वीज अपेक्षित असते. शेतातल्या वस्तीवरचे घर मात्र पुष्कळदा शेतीच्या फीडरवरच असते, आणि शेतीच्या थ्री फेज पुरवठ्याचे भारनियमन त्याच्याही वाट्याला येते. अशा वस्तीने वेगवेगळ्या तक्रारी करण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव जोडून गावठाण फीडरवर घेण्याची एकत्र मागणी करावी.

वीज गेली की आधी घरातला मेन स्विच पाहावा, मग शेजारी. फक्त आपल्याच घरी नसेल तर दोष आपल्या वायरिंगमध्ये, सर्व्हिस वायरीत किंवा खांबावरच्या जोडात असतो. एक घर सोडून एक घर अंधारात असेल तर डीपीवरचा, म्हणजे गावच्या रोहित्रावरचा, एक फेज गेलेला असतो. सगळा गाव अंधारात असेल तर दोष डीपीत, झंपरमध्ये (खांबावर तारा जोडणाऱ्या तुकड्यात) किंवा फीडरवर असतो. १९१२ वर तक्रार देताना हे नेमके सांगावे, बारा अंकी ग्राहक क्रमांक द्यावा, बिलावर छापलेला डीटीसी क्रमांक, म्हणजे आपल्या डीपीचा क्रमांक, सांगावा, आणि मिळालेला तक्रार क्रमांक वेळेसह वहीत उतरवावा. ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलून मिळाली पाहिजे. ती बदलणे हे वितरण कंपनीचे काम आहे. त्यासाठी गावाने टेम्पोच्या भाड्याची वर्गणी काढण्याचे कारण नाही.

एक खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी. दिवे एकाएकी पांढरेफेक पेटले, पंखा भन्नाट फिरू लागला आणि शेजारच्या घरात मात्र दिवा मिणमिणता झाला, तर न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटलेली असते. तेव्हा विचार करत न बसता मेन स्विच पाडावा आणि शेजाऱ्यांनाही ओरडून सांगावे, कारण फ्रिज, टीव्ही जळायला काही क्षण पुरतात. डीपीवर चढून स्वतः फ्यूज टाकण्याचे धाडस गावातल्या कुणालाही करू देऊ नये. लाईन बंद आहे असे वाटत असताना ती चालू होते आणि घरचा कर्ता माणूस जातो. खांबाला किंवा ताणाच्या तारेला कपडे वाळत घालायची तार बांधू नये, गुरे बांधू नयेत, आणि घराच्या मेन स्विचजवळ ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा.

स्थानिक शाखेत आणि उपविभागात लेखी तक्रार देऊनही दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि वकील असलाच पाहिजे असे नाही. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबईत आणि नागपुरात आहेत. अर्जासोबत वादातल्या बिलाची व त्याआधीच्या बारा महिन्यांच्या बिलांची प्रत, मीटरचा तारीख दिसणारा फोटो, अर्जाची पोच, १९१२ चे तक्रार क्रमांक आणि वहीच्या पानांची झेरॉक्स जोडावी. मूळ वही मात्र कुणालाही देऊ नये. सुनावणीच्या दिवशी ती स्वतः घेऊन जावी.