बालवाडीत पर्यावरणाचे प्रयोग घेताय? या चुका टाळा

कॉलेजची मुलं बालवाडीत प्रयोग घ्यायला जातात, तेव्हा विज्ञान कच्चं म्हणून सत्र फसलं असं क्वचितच होतं. घोळ होतो तो हाताळणीत. भिंग एक आणि बघणारी पंधरा, माती वाटून झाल्यावर सुरू झालेल्या सूचना, सुरुवातीलाच दहा मिनिटांचं भाषण. यातलं बरंचसं आदल्या संध्याकाळी सामान भरतानाच ठरून गेलेलं असतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सामान वाटलं आणि कोणी ऐकेना

वस्तू हातात आली की चार-पाच वर्षांच्या मुलाचे कान मिटतात. त्यात त्याचा दोष नाही. सामान झाकून ठेवा, आधी स्वतः करून दाखवा, मग वाटा. "आधी माती भरा, मग बी टाका, वरून पाणी घाला, पण जास्त नको हं" या एका दमात चार सूचना झाल्या. मुलांच्या लक्षात राहतं ते फक्त "पाणी घाला". एका वेळी एकच काम सांगा आणि तेवढंच सामान पुढे ठेवा. पाणी जगमधून देऊ नका. ड्रॉपर किंवा बाटलीचं झाकण दिलं की कितीही उत्साह आला तरी पूर येत नाही.

एका ताई-दादाकडे चार-पाच मुलं, यापेक्षा मोठा गट नको. एक जण शिकवतोय आणि बाकीचे पाच मागे उभं राहून फोनवर शूटिंग करतायत, हे दृश्य फार दिसतं. त्या पाचांनी खाली बसून एकेक गट घेतला तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. (मुलांचे फोटो शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय काढायचेच नसतात, ते वेगळंच.)

भिंग दिलं की मुलं ते हात लांब करून धरतात आणि समोरची खिडकी उलटी दिसते म्हणून खिदळतात. खिदळू द्या, तेही निरीक्षणच आहे. मग दाखवा: भिंग डोळ्याजवळ, आणि पान हळूहळू भिंगाकडे आणायचं. हे काम सावलीत घ्या. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, ही सूचना भिंग देण्याआधीची.

बी रुजलंच नाही

सगळ्यात लाडका प्रयोग हाच, आणि सगळ्यात जास्त फसणाराही. कारण बहुतेक वेळा एकच असतं, पाणी फार झालं. बी रुजताना श्वास घेतं, त्याला हवा लागते. कापूस पाण्यात तरंगत असेल तर बी गुदमरतं, बुळबुळीत होतं आणि दोन दिवसांत वर्गात वास सुटतो. कापूस किंवा टिश्यू भिजवून पिळून घ्या. ओला हवा, निथळता नको. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्याच्या आतून टिश्यू लावा आणि बी टिश्यू व पेला यांच्या फटीत अडकवा, म्हणजे मूळ कुठून निघालं ते बाहेरून दिसतं.

बी कोणतं? मूग. रात्रभर भिजवलेल्या मुगाला एक-दोन दिवसांत मूळ फुटतं आणि या वयाला तेवढाच धीर असतो. राजमा मोठा आणि देखणा, पण त्याला जास्त दिवस लागतात, शिवाय कच्चा खाल्ला तर पोट बिघडतं. पेरणीसाठी म्हणून मिळणारं बियाणं आणूच नका, त्याला बऱ्याचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. प्रत्येक पेल्यात तीन बिया टाका. एक रुजली नाही तरी कोणाचा चेहरा पडत नाही. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी हा प्रयोग सुरू करू नका, सोमवारी वाळलेले मूग बघायला मिळतील.

आणखी एक, कारण हे चांगले शिकलेले विद्यार्थीही बिनधास्त सांगतात: "बी रुजायला ऊन लागतं." मुगाला लागत नाही. ऊन लागतं ते रोप वाढायला. एक पेला कपाटात ठेवून द्या. तिथलाही मूग रुजेल, पण रोप लांबुडकं आणि पिवळट होईल. ते खिडकीतल्या रोपाशेजारी ठेवा आणि गप्प बसा. पुढचं मुलंच बोलतात.

बिया नाकात किंवा कानात जातात, हे गृहीतच धरा. मोजून द्या, मोजून परत घ्या. गेलीच तर पिन-चिमट्याने काढायला जाऊ नका, लगेच बाईंना सांगा; ओलाव्याने बी फुगतं आणि काम डॉक्टरांचं होतं. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी तर या वयाच्या वर्गात नकोतच. गिळले तर ते पोटात फुगून आतडं अडवू शकतात.

गाळलेलं पाणी जास्तच गढूळ

वाळू धुतलेली नव्हती. पाणी स्वच्छ येईपर्यंत ती घरीच चार-पाच वेळा धुऊन आणा. बाटली उलटी धरून तोंडाशी कापूस, त्यावर वाळू, सगळ्यात वर खडे. खरी अडचण मात्र प्रयोग जमल्यावर येते: पाणी नितळ दिसतं आणि कोणीतरी पेला तोंडाला लावतं. यावर एक युक्ती आहे. गढूळ पाण्यात आधीच खाण्याच्या रंगाचे थेंब टाका. माती अडकते, रंग मात्र पार होतो. डोळ्यांनी दिसतं तेवढं सगळं गाळणीत अडकत नाही, मग न दिसणारे जंतू तरी कसे अडकतील, हे सांगायला सोपं जातं.

गांडूळ निपचित पडलं

हाताला सॅनिटायझर होतं का, ते आधी बघा. गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेतं. अल्कोहोल किंवा कोरडा हात त्याला सोसत नाही. मुलांचे हात साध्या पाण्याने ओले करा, ताटलीत ओला कागद ठेवा आणि काही मिनिटांत गांडूळ मातीत परत सोडा. नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. ज्याला हात लावायचा नाही त्याने लांबून बघावं. "घाबरतोस काय एवढ्याशा गांडुळाला?" असं हसत म्हटलं तरी ते मूल उरलेलं सत्र मागेच बसतं.

"समजलं का?"

"होsss!" एवढंच उत्तर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा "काय दिसतंय?", "आता काय होईल?" असं विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजा. शांतता असह्य होऊन आपणच उत्तर देऊन टाकायचं, हा मोह फार मोठा. ढग चालतो म्हणजे तो जिवंत, असं कोणी म्हणालं तर लगेच "चूक" म्हणू नका. या वयात हलणारी वस्तू जिवंत वाटणं साहजिक आहे, बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेनेही हे नोंदवलंय. "तुला कशावरून वाटतं?" विचारा. मध्येच कोणी नवे बूट दाखवेल. बघा, कौतुक करा, पुढे चला.

"पृथ्वी मरतेय, तुम्हीच तिला वाचवा" हे मात्र पूर्ण टाळा. प्लॅस्टिकमध्ये अडकलेल्या कासवाचे फोटो दाखवून या मुलांना ना कारण कळतं ना उपाय. राहते ती भीती. ज्या झाडाला अजून हातही लावला नाही, ते जाणार म्हणून रडायचं कशाला?

निघण्याआधी मुलांकडूनच टेबल पुसून घ्या, त्यांना ते आवडतं. आणि बाईंकडे एक चिठ्ठी द्या: पेल्यात रोज किती थेंब, कपाटातला पेला कधी बाहेर काढायचा, कुजलेली बी कुठे टाकायची.