फोनवर उत्तम, पाठवल्यावर फिका: हौशी छायाचित्रकारांनो, या चुका टाळा

पावसाळ्यात गोकाकला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये धबधब्याचे चाळीस-पन्नास फोटो असतात आणि रविवारी रात्री त्यांतले निम्मे तरी आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या व्हॉट्सॲप गटात येऊन पडतात. काढणाऱ्याच्या फोनवर जो फोटो डोळ्यांत भरतो, त्याच फोटोत गटातल्या इतरांना फेसाच्या जागी चौकोनी ठिपके दिसतात आणि कड्याचा खडक चिखल फासल्यासारखा सपाट वाटतो. मग ‘माझा कॅमेराच बरा नाही’ असे म्हणून तो माणूस पुढचे काही महिने फोटो टाकायचाच थांबतो, याचे मला फार वाईट वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडीकडच्या हौशी मंडळींचे फोटो मी गेली काही वर्षे रोज पाहतो आहे. बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्याचा नसतो. फोटो काढून झाल्यावर तो पाठवेपर्यंतच्या अर्ध्या तासात तो बिघडलेला असतो.

फोटो धूसर का होतो

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि वरून दाबलाही जातो. जेपीईजी या फोटो साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत चित्राचे ८×८ बिंदूंचे चौकोन पाडले जातात आणि फाईल लहान करायची झाली की प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी टाकून दिला जातो. धबधब्याचा फेस, पावसाची झड, जांबोटीच्या रानातली पाने आणि गवत हे सगळे बारीक तपशीलच असल्यामुळे पहिला फटका नेमका आपल्याकडच्या पावसाळी फोटोंना बसतो. धुक्याचे दुखणे वेगळे आहे. पांढऱ्यापासून राखाडीपर्यंत हळूहळू उतरत जाणारी छटा दाबली गेली की तिच्यात पट्टे दिसू लागतात आणि घाटातले धुके रंगाच्या थरांसारखे वाटते.

यावर उपाय असा की फोटो लहान करण्याचे काम ॲपवर न सोडता ते आपणच करावे. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६०००×४००० बिंदूंचा असतो, तर फुल एचडी पडदा १९२०×१०८० चा, म्हणजे पडद्यावर पाहायला एवढे बिंदू लागतच नाहीत. लांब बाजू २०४८ बिंदूंवर आणावी, जेपीईजीचा दर्जा ८५ ते ९० च्या दरम्यान ठेवावा, लहान केल्यानंतर थोडासा शार्पनेस द्यावा आणि मग तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. २०२३ पासून मिळणारा एचडी पर्यायही साध्या पद्धतीपेक्षा पुष्कळ बरा आहे. गटातून उतरवून घेतलेला फोटो पुन्हा सुधारून पाठवणे किंवा गॅलरीतल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण जेपीईजी प्रत्येक वेळी नव्याने साठवताना थोडा तपशील गमावते. सुधारणा नेहमी मूळ फाईलवरच करावी.

रंग बिघडतात तेव्हा

एका वर्षी वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक पाहून मी पहाटे तीनच्या सुमारास घरी आलो आणि अंथरुणावर पडल्या पडल्या सहा फोटो दुरुस्त करून गटात टाकले. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून रात्री पडदा पिवळसर करणारी सोय माझ्या फोनवर आपोआप सुरू होते, हे माझ्या ध्यानात राहिले नव्हते. पडदाच पिवळा असल्यामुळे मला प्रत्येक फोटो पिवळा वाटला आणि मी त्यात निळसरपणा वाढवत गेलो. सकाळी पाहिले तर भगवे फेटे जांभळट पडले होते आणि मावळ्यांच्या वेशातल्या मुलांचे चेहरे थंडीने काकडल्यासारखे निळे दिसत होते. त्या दिवसापासून रात्री फोटो दुरुस्त करायचा झाल्यास मी आधी ती सोय बंद करतो, पडद्याचा उजेड मध्यावर आणतो आणि शेवटचा हात सकाळी फिरवतो. उजेड पूर्ण वाढवून दुरुस्त केलेला फोटो इतरांना काळवंडलेला दिसतो, तोही याच कारणाने.

मोठा कॅमेरा वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. कॅमेऱ्याच्या मेनूत रंगांसाठी एसआरजीबी आणि ॲडोबी आरजीबी असे दोन पर्याय असतात. दुसऱ्यात रंगांचा आवाका मोठा असला तरी फाईलसोबतची रंगांची माहिती वाटेत गळून पडली की तोच फोटो इतरांच्या पडद्यावर मरगळलेला दिसतो, आणि हिरवा व लाल रंग विशेष फिके पडतात. पाठवायची प्रत एसआरजीबीमध्येच काढावी. आयफोनचा फोटो समोरच्याच्या जुन्या संगणकावर उघडतच नसेल, तर तो एचईआयसी स्वरूपात आहे असे समजावे आणि जेपीईजी करून पाठवावा.

फोटो आपोआप दुरुस्त करणाऱ्या ‘ऑटो’ बटणाबद्दल माझे मत ठाम आहे. ऑगस्टमध्ये घटप्रभा नदीचे पाणी गढूळ, तांबूस असते आणि गोकाकला सुमारे ५२ मीटरवरून तेच तांबडे पाणी कोसळत असते. ऑटोने ते पाणी निळेशार केले, तर फोटो सुंदर दिसेलही, पण तो गोकाकचा राहत नाही.

ठिकाण सांगण्याची घाई

वर सांगितलेल्या उपायातच एक धोका आहे आणि तो इतर सगळ्या चुकांपेक्षा गंभीर आहे. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून व्हॉट्सॲप ठिकाणाची नोंद काढून टाकते, परंतु डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाईलमध्ये ती तशीच राहते. फोटो ज्या झाडाखाली काढला, ते झाड त्या नोंदीवरून नकाशावर शोधता येते. चोर्ला घाटाच्या परिसरात पावसाळ्यात मलबार ग्लायडिंग फ्रॉग हा बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करतो आणि अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले खालच्या पाण्यात पडतात. अशा एका घरट्याचा फोटो आमच्या गटात ठिकाणासह आला आणि पुढच्या शनिवारी रात्री तिथे टॉर्च घेऊन माणसे जमली. कोणीतरी ‘मोकळी फ्रेम’ मिळावी म्हणून शेजारची फांदी मोडली आणि घरटे उघडे पडले. फोटो टाकणाऱ्याच्या मनात काहीही वाईट नव्हते, पण फांदी तर मोडलीच.

त्यामुळे घरटी, बिळे आणि दुर्मीळ प्राणी यांचे फोटो पाठवण्यापूर्वी फोनच्या शेअर पर्यायातून ठिकाणाची नोंद काढावी आणि फोटोखाली ‘खानापूर तालुका’ एवढेच लिहावे. भीमगडच्या जंगलातल्या, २०११ साली अभयारण्य झालेल्या भागातल्या फोटोंना आणि विशेषतः बारापेडे गुहांमधल्या वटवाघळांना हे कसोशीने लागू करावे, कारण विसाव्याच्या जागी वारंवार उजेड पडला तर वटवाघळे ती जागा सोडतात.

माणसांच्या बाबतीतही अशीच काळजी हवी. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर भंडाऱ्याने माखलेले चेहरे पाहून कॅमेरा आपोआप उचलला जातो, पण तो चेहरा शंभर अनोळखी लोकांपुढे ठेवण्यापूर्वी त्या माणसाला विचारायला हवे, आणि लहान मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना.

किती फोटो टाकावेत आणि खाली काय लिहावे

एकाच सहलीचे तीस फोटो टाकले की कोणीही एकाकडेही नीट पाहत नाही. एक रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी जे तीन आठवतील, तेवढेच टाकावेत. कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत नाव छापू नये. दुसऱ्याने काढलेला फोटो त्याच्या नावाशिवाय पुढे पाठवू नये; १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता ते काढणारी व्यक्तीच असते.

आपल्या सीमाभागात ठिकाणांच्या नावांची एक खास अडचण आहे. राजहंसगड आणि येळ्ळूरचा किल्ला एकच, कदंबकालीन देवळांचे गाव कोणी हलशी लिहितो तर कोणी हलसी, आणि सौंदत्तीचे सवदत्तीही होते. एकाच नावाने टाकलेला फोटो दुसऱ्या नावाने शोधणाऱ्याला सापडत नाही. गटात कन्नड आणि कोकणी बोलणारे मित्रही असतात, त्यामुळे दोन्ही नावे, तालुका आणि महिना लिहिण्याची सवय लावावी.

‘कसा वाटला?’ असे विचारले की ‘मस्त’ आणि ‘अप्रतिम’ याखेरीज काही हाती लागत नाही. मागे एका नव्या सदस्याने राजहंसगडावरून काढलेल्या सूर्यास्ताखाली लिहिले होते: ‘तटबंदी काळी पडली. आकाश सांभाळून दगडांचा पोत कसा दाखवता आला असता?’ शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० हेही त्याने लिहिले होते. तासाभरात त्याला चार उत्तरे आली. एकाने सूर्य बुडाल्यानंतर वीस मिनिटे थांबायला सांगितले, दुसऱ्याने आकाशासाठी एक आणि दगडांसाठी एक असे दोन फोटो तिपाईवरून घेऊन जोडायला सुचवले, आणि तिसऱ्याने विचारले की तटबंदीचा केवळ काळा आकारच राहू दिला तर काय बिघडते? चौथ्याने त्याच जागेवरून स्वतः काढलेला फोटो दाखवला. पुढच्या आठवड्यात तो मुलगा पुन्हा गडावर गेला आणि या वेळी सूर्य बुडाल्यावरही खाली उतरला नाही.