सुवॉनचा ह्वासॉंग किल्ला बघायला निघालात? या चुका टाळा

सह्याद्रीत गड चढून पाय घट्ट झालेला माणूस दक्षिण कोरियात किल्ला बघायला निघतो, तेव्हा त्याची पहिली चूक ट्रेनमध्ये बसण्याआधीच होते. तो फोनवर ‘ह्वासॉंग’ शोधतो आणि जो पहिला ठिपका दिसेल तिकडे निघतो. ह्वासॉंग नावाचं एक वेगळं शहर आहे, सुवॉनच्या शेजारी. किल्ला तिथे नाही, तो सुवॉन शहराच्या मधोमध आहे. गंमत म्हणजे ज्या राजाने हा किल्ला बांधला त्याची आणि त्याच्या वडिलांची समाधी मात्र त्या ह्वासॉंग शहरातच आहे, त्यामुळे चुकून पोचलात तर अगदीच वाया जाणार नाही. पण किल्ल्यासाठी शोधताना ‘सुवॉन ह्वासॉंग’ असं जोडनावच टाका. आणि सोलहून येताना सुवॉनच्या एक स्टेशन आधी ‘ह्वासॉ’ लागतं, नाव कानाला सारखं वाटलं म्हणून उठू नका.

दुसरा घोळ लाइन १ चा. सोलमधून ही मेट्रो गुरो स्टेशनपर्यंत एक असते, पुढे तिचे दोन फाटे होतात: एक इंचॉनकडे, दुसरा सुवॉनकडे. मी पहिल्या वेळी खिडकीजवळची जागा मिळाल्याच्या आनंदात थेट इंचॉनच्या रस्त्याला लागलो होतो. फलाटावरच्या पाटीवर शिनचांग, चॉनान, सॉदोंगतान किंवा ब्यॉंगजॉम असं शेवटचं स्टेशन दिसलं तर ती गाडी सुवॉनला जाते. चुकलात तर घाबरायचं कारण नाही: लगेच उतरा, उलट्या दिशेने गुरोला या, फलाट बदला. मेट्रोने साधारण तास लागतो. घाई असेल तर सोल स्टेशनवरून मुगुंगह्वा ही साधी रेल्वेगाडी अर्ध्या तासात सोडते. फक्त चुसॉक आणि सॉल्लाल या दोन सणांच्या दिवसांत तिची तिकिटं मिळतील या भरवशावर राहू नका. अख्खा देश गावी निघालेला असतो, आपल्याकडे गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांसारखं.

सुवॉन स्टेशनवरून किल्ला चालत गाठायला जाऊ नका. अंतर दोन किलोमीटरच्या वर आहे आणि रस्ता साध्या बाजारपेठेतला. पुढे तासन् तास चालायचंच आहे, पाय तिथे खर्च करा. बस किंवा टॅक्सी घ्या. बसमध्ये चढताना टी-मनी हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड यंत्राला लावता तसं उतरतानाही लावायचं असतं, नाहीतर पुढच्या बसचं भाडं नव्याने कापलं जातं. नकाशासाठी नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप आधीच उतरवून ठेवा. पायी रस्ता दाखवण्यात गूगल तिथे कच्चं पडत आलंय.

“हा तर नवाच बांधलेला दिसतोय!”

हे वाक्य मी मराठी माणसांच्या तोंडून तिथेच उभं राहून ऐकलंय. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्याला किल्ला म्हणजे ढासळलेला बुरूज, तटावर उगवलेला पिंपळ आणि पाण्याच्या टाक्यात शेवाळं अशी सवय असते. इथे तट सलग, चर्या एकसारख्या, दरवाज्यांच्या लाकडी छतांना ताजे हिरवे-लाल रंग. मग वाटतं की पर्यटकांसाठी उभारलेला देखावा आहे.

गोष्ट उलटी आहे. १७६२ मध्ये जोसॉन घराण्यातल्या यॉंगजो राजाने आपल्याच मुलाला, युवराज सादोला, भात साठवायच्या लाकडी पेटीत कोंडलं आणि तो त्यातच मेला. सादोचा मुलगा चॉंगजो तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. १७७६ मध्ये तो राजा झाला, १७८९ मध्ये त्याने वडिलांची समाधी सुवॉनजवळ हलवली आणि जुनं गाव उठवून पाल्दालसान टेकडीच्या पायथ्याशी नवं वसवलं. त्या गावाभोवतीची तटबंदी म्हणजे ह्वासॉंग. काम १७९४ मध्ये सुरू झालं. दहा वर्षं लागतील असा अंदाज होता, १७९६ मध्ये संपलंसुद्धा. आराखड्यामागे चॉंग याग्योंग हा तरुण विद्वान होता. त्याने कप्प्यांची (पुलींची) यंत्रं वापरून अवजड दगड थोड्या माणसांत उचलण्याची सोय केली. मजुरांना वेठीला धरलं नाही, मजुरी दिली.

आणि या सगळ्याची नोंद ठेवली. १८०१ मध्ये छापलेल्या ‘ह्वासॉंग सॉंगयॉक उइग्वे’ या ग्रंथात प्रत्येक इमारतीचं चित्र, मापं, सामानाचा खर्च, कारागिरांची नावं, कोणी किती दिवस काम केलं, सगळं आहे. पुढे कोरियन युद्धात किल्ल्याची बरीच पडझड झाली. १९७५ ते १९७९ मध्ये तो पुन्हा उभा केला तो याच वहीवरून. १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नाव लावलं, तेही डागडुजी माहीत असूनच. आपल्या कुठल्या गडाच्या बांधकामाची इतकी बारीक वही हाताशी असती तर, असा विचार मला तरी तिथे येतोच.

तेव्हा नाक मुरडण्याआधी तटाजवळ जाऊन खाली बघा. बऱ्याच ठिकाणी खालचे थर काळपट, झिजलेले, आणि वरचे फिकट, कडा धारदार. तिथे जुनं संपतं आणि विसाव्या शतकातली दुरुस्ती सुरू होते. दक्षिणेचा पाल्दालमुन आणि पश्चिमेचा ह्वासॉमुन हे दरवाजे मात्र अठराव्या शतकापासून टिकून आहेत. ह्वासॉमुनशेजारचा विटांचा पोकळ बुरूज अवश्य बघा. आत मजले, भिंतीत जंग्या, दगडाच्या जोत्यावर वीट. कोरियात असं बांधकाम त्याआधी जवळजवळ नव्हतं.

उलट बाजूने चढाई

तटाचा फेर सुमारे ५.७ किलोमीटर. पाल्दालसान दीडशे मीटरही उंच नाही, म्हणजे गडकऱ्याला चेष्टाच. तरीही लोक दमतात, कारण पाल्दालमुनजवळून निघतात आणि पहिल्याच टप्प्याला उभ्या पायऱ्यांची शिडी समोर येते, बहुतेक वेळा भर दुपारी. त्यापेक्षा हेंगगुंग या राजवाड्यामागून सावलीतल्या वाटेने माथ्यावर सॉजांगदेला जा. सेनापतीची ही टेहळणीची जागा, सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं. (२००६ मध्ये एका दारुड्याने ती पेटवून दिली होती, आत्ता दिसते ती पुन्हा बांधलेली.) तिथून उत्तरेला ह्वासॉमुनकडे उतरा, मग उत्तरेचा दरवाजा चांगानमुन, पूर्वेचा चांगन्योंगमुन, आणि शेवटी दक्षिण. म्हणजे प्रदक्षिणेची दिशा, शहर उजव्या हाताला. चढ सुरुवातीलाच संपतो, पुढे वाट बरीचशी सपाट. अडीच-तीन तास धरा, त्यात थांबणं आलं.

दरवाज्यांपुढचं अर्धगोल कवच बघून मराठी माणसाला लगेच रणमंडळ आठवेल: शत्रू दारापर्यंत आला तरी तिथे कोंडला जातो आणि वरून मार खातो. चोरदिंड्याही आहेत, तटाच्या वळणात लपवलेल्या. पायऱ्या उतरून त्यातून बाहेर पडा आणि थोडं अंतर तटाच्या बाहेरून चाला. आतून तट कमरेएवढा वाटतो, कारण मातीचा भराव आहे. खरी उंची बाहेरूनच कळते. बहुतेक लोक आतूनच फेरी मारून जातात आणि मग म्हणतात, किल्ला बुटका आहे.

पर्यटकांसाठी फिरणारी छोटी गाडी आहे, पण ती तटावरून जात नाही, खालच्या रस्त्याने जाते. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर ठीक, नाहीतर तिला किल्ला बघणं म्हणू नये.

तट कुठे गेला?

पाल्दालमुनपाशी आलात आणि तट एकदम नाहीसा झाला तर तुम्ही वाट चुकलेला नाही. शहर वाढताना तो तुकडा गेला, आणि हा भव्य दरवाजा आता गाड्यांच्या चौकात एकटा उभा आहे. पूर्वेकडून येत असाल तर टेकाडावरून पायऱ्या उतरून सुवॉनचॉन ओढ्यावरच्या नामसुमुन या जलद्वारावरून पलीकडे जा, बाजारातून पाल्दालमुनचं छत दिसेल तिकडे चालत राहा. चौकात सिग्नल पाळा, धावू नका.

या बाजारात पोटाचा प्रश्न सुटतो, किंवा अडतो. सुवॉनची ख्याती ‘गाल्बी’ची, म्हणजे भाजलेल्या बरगड्यांची, आणि ती गाईच्या मांसाची असते. ज्यांना चालत नाही त्यांनी गाल्बी शब्द दिसला की आधी विचारावं. ‘सुंदे’ लिहिलेलं बघून आइस्क्रीमच्या आशेने आत शिरलेला एक पुणेकर मला माहीत आहे. ते रक्त भरलेलं डुकराचं आतडं असतं. कोंबडी खाणाऱ्यांची चैन आहे, पाल्दालमुनजवळ अख्ख्या तळलेल्या कोंबडीची एक गल्लीच आहे. शाकाहाऱ्यांनी किमचीवर, म्हणजे आंबवलेल्या तिखट भाजीवर, भरवसा ठेवू नये, त्यात बहुधा माशांचा आंबवलेला रस असतो, आणि साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही सुकी मासळी उकळलेली असते. बिबिंबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मांसाशिवाय मागा. सुवॉन स्टेशनच्या आसपास भारतीय-नेपाळी खानावळी आहेत, दिवसाच्या शेवटी त्या बऱ्या वाटतात.

हवामानाचं थोडक्यात: जूनअखेर ते जुलै तिथला पावसाळा, दगडी पायऱ्या निसरड्या होतात. जानेवारीत पारा शून्याखाली आणि माथ्यावर वारा. एप्रिलच्या सुरुवातीला टेकडीवर चेरी फुलते, ऑक्टोबरमध्ये तटाबाहेर गवताचे रुपेरी तुरे डुलतात. ड्रोन घरी ठेवा. शहराला लागून लष्करी विमानतळ आहे, उडवायला बंदी आहे, आणि डोक्यावरून जाणारी लढाऊ विमानं तुम्हाला ते आपणहून सांगतील.

हेंगगुंगपुढे चालणाऱ्या चोवीस युद्धकलांच्या प्रात्यक्षिकासाठी सोमवार टाळा. यॉनमुदे या सैन्याच्या जुन्या सरावाच्या जागी धनुष्य हातात घ्यायचं असेल तर तिथे पोचल्यावर आधी वेळ विचारा, गटागटाने सोडतात, आणि बाण मोजून मिळतात.

शेवटची चूक, आणि ही जवळजवळ सगळेच करतात: चार वाजता आटपून सोलला परतणं. पूर्वेकडचा बोंगदोन, पाच धुराड्यांचा संकेत-बुरूज, दिवसा बघून घ्या. शांततेत एकच धुराडं पेटायचं, शत्रू दिसला की दोन, सीमेजवळ आला की तीन, आत घुसला की चार, लढाई जुंपली की पाच. पण मग मागे फिरा आणि अंधार पडण्याच्या अर्धा तास आधी बांगह्वासुर्यूजॉंग या मंडपाखालच्या तळ्याकाठी जाऊन बसा. शेजारीच ह्वाहोंगमुनच्या सात कमानींतून ओढा वाहतो. तटावरचे दिवे एकेक करून लागतात, शहरातली पोरं चटया पसरून डबे उघडतात. चटई आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. मेट्रो रात्री उशिरापर्यंत असते.