आदिवासी पाड्यावर व्हिडिओ करताय? या चुका टाळा

डहाणू, जव्हार, तलासरीकडचे व्हिडिओ आणि बातम्या मी खूप बघते आणि एक चूक जवळपास सगळीकडे दिसते, आजी वारलीत बोलत असते आणि तिच्या आवाजावर आपला व्हॉइसओव्हर चढवलेला असतो. असं नका करू. आवाज तिचाच ठेवा, खाली मराठी सबटायटल द्या. बोली कळत नसेल तर पाड्यावरच्याच एखाद्या पोराला-पोरीला सोबत बसवा आणि त्याचे पैसे द्या, फुकटात राबवू नका. मी स्वतः एकदा एका आजींचं ६ मिनिटांचं बोलणं कापून १२ सेकंदांवर आणलं होतं, त्यांनी नातवाच्या मोबाईलवर बघितलं आणि एवढंच विचारलं, "मी जमिनीचं बोलले ते कुठं गेलं?" तेव्हापासून आधी त्यांना दाखवते, मगच अपलोड करते.

वारली चित्रं म्हणजे भिंतीची सजावट, हेही सारखं ऐकू येतं. अहो, लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सुवासिनी तांदळाच्या पिठाने काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणते, तो विधी आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली त्याचा मलाही अभिमान आहे, पण मुळात हे बायकांचं काम, आणि आपल्या व्हिडिओत त्या बाया बोलताना दिसतात का? लग्नघरात शूट करायचं तर घरच्यांना आणि धवलेरीला विचारा, सरपंच हो म्हणाले म्हणजे झालं असं नसतं.

"भोळेभाबडे" हा शब्द स्क्रिप्टमधून काढूनच टाका. याच वारल्यांनी १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध जमीनदारांशी झुंज घेतली, किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या.

आणि तारपा हे नाचाच्या वेळी फुंकून वाजवायचं वाद्य, ते पाणीटंचाईच्या बातमीखाली वाजवू नका प्लीज, फार वाईट वाटतं बघताना.

सगळ्यांना नुसतं "आदिवासी" म्हणून मोकळं होऊ नका, वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ज्याचं त्याचं नाव घ्या. त्यातही कातकऱ्यांकडे जाणार असाल तर वेळ बघून जा. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात, आपण फेब्रुवारीत जाऊन बंद दारं शूट करतो आणि "ओसाड पाडा" असं थंबनेल लावतो, त्यापेक्षा भट्टीवर जाऊन त्यांनाच विचारा.