व्हिलनला जादू वारशात मिळालीये? मग लिहिताना या चुका टाळा

मराठीत ऑनलाइन फँटसी लिहिणारे हल्ली खूप झालेत, आणि ओळखीतल्या लोकांचे ड्राफ्ट वाचताना मला एक माणूस सारखा भेटतो. जुना वाडा, पणजोबांकडून आलेली काळी विद्या, बोटात अंगठी, डोळे लाल. पहिले तीन भाग झकास जातात आणि मग गाडी रुतते, म्हणजे एकतर हा बाबा इतका पॉवरफुल होऊन बसतो की हिरोला एका फुंकरीत उडवायचं सोडून हा नक्की कशाची वाट बघतोय तेच कळेना, नाहीतर शेवटच्या भागात कुठल्यातरी ट्रंकेतून ताईत निघतो आणि एवढा मोठा व्हिलन फुस्स.

माझ्या मते घोळ एकच असतो. लेखकाने वारसा फक्त बॅकस्टोरीत एका ओळीत टाकलेला असतो आणि पुढे त्याचं काहीच केलेलं नसतं. अहो, वारसा म्हटला की आपल्याकडे काय काय येतं? वडिलोपार्जित जमिनीचा विचार करा, सातबाऱ्यावर किती नावं असतात, कोणाचा हिस्सा कोणी दाबलाय, बापाने काढलेलं कर्ज कोण फेडतंय, कुठला काका कोर्टात गेलाय. वारशाने आलेली जादू अशीच लिहायची. अर्धा प्लॉट तिथेच तयार होतो.

उदाहरणं मी रामायण-महाभारतातलीच देतोय, कारण ती सगळ्यांना माहितीयेत, आणि मायावी खानदानी व्हिलन म्हटलं की रावणाचा मुलगा मेघनाद म्हणजेच इंद्रजित याच्याइतका तयार माल दुसरीकडे सापडणं अवघड.

"त्याच्या रक्तातच दुष्टपणा होता"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात आळशी पण. घराणं वाईट म्हणून हा वाईट, विषय संपला. मग वाचकाने त्याच्याकडे बघायचं कशाला? तो काही ठरवतच नाहीये, रक्त ठरवतंय.

रावणाचं घर बघा. बाप विश्रवा ऋषी, आजोबा पुलस्त्य. एका बायकोचा मुलगा कुबेर, देवांचा खजिनदार. दुसरी बायको कैकसी, तिची मुलं रावण, कुंभकर्ण, शूर्पणखा आणि बिभीषण. बाप एक, आणि खालच्या चौघांची आईपण एक, पण कोण कुठे गेलं बघा. किंवा दुसरं घराणं घ्या, हिरण्यकशिपूचा मुलगा प्रल्हाद, त्याचा विरोचन, त्याचा बळी आणि बळीचा मुलगा बाणासुर. या रांगेत व्हिलन, भक्त, दानशूर राजा, परत गर्विष्ठ व्हिलन असे सगळे बसलेत. त्यातला बळी तर आपण अजून दिवाळीत "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणून मागतो!

उपाय सोपा आहे. व्हिलनच्या घरातच असा एक माणूस ठेवा ज्याला तीच शक्ती किंवा तेच रहस्य मिळालंय आणि जो वेगळा वागलाय. बहीण, काका, चुलतभाऊ, कोणीही. मग व्हिलनला "माझ्या नशिबातच हे होतं" असं म्हणायची सोय राहत नाही.

वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात हा सीन अक्षरशः आहे. लंकेतल्या निकुंभिला नावाच्या जागी इंद्रजितचा यज्ञ चाललाय, तिथलं वडाचं झाड बिभीषण लक्ष्मणाला दाखवतो, की हा इथे बळी अर्पण करतो आणि मग अदृश्य होऊन लढतो, त्याला इथपर्यंत पोचूच देऊ नका. तेवढ्यात इंद्रजितला काका दिसतो. आता लक्ष्मण धनुष्य ताणून समोर उभाय, आणि हा पठ्ठ्या आधी काकाशी भांडतो! इथेच जन्मलात, इथेच वाढलात, माझ्या बापाचे सख्खे भाऊ तुम्ही आणि पुतण्याचा घात करता, अशा अर्थाचं. बिभीषणाचं उत्तर थोडक्यात असं की राक्षसकुळात जन्मलो हे खरं, पण माझा स्वभाव तसला नाही. जादू, अस्त्रं सगळं बाजूला, आधी भाऊबंदकी. असा एक सीन तुमच्या कथेत असेल तर लाल डोळ्यांची गरज नाही.

वारसा, वरदान आणि साधना यांची खिचडी

पहिल्या भागात शक्ती आजोबांकडून आली, चौथ्यात कळतं की स्मशानात बारा वर्षं साधना केली, सातव्यात एक देवी प्रसन्न झालेली निघते. वाचक कमेंटमध्ये विचारतो की नक्की काय, आणि लेखक म्हणतो "पुढे कळेल". कळत नाही कधीच.

तिन्हीचे नियम वेगळे असतात हे लक्षात घ्या. वरदान देणारा कोणीतरी असतो, त्याची अट असते, आणि ते बहुतेक वेळा त्या माणसापुरतंच असतं. हिरण्यकशिपूला मिळालेलं वरदान प्रल्हादाला वारशात आलं नाही. साधनेत कष्ट आणि किंमत असते. वारशात यातलं काही नसतं, ते आयतं येतं, म्हणून त्याच्यासोबत घराणं, अपेक्षा आणि जुनी देणी यायला हवीत.

शुद्ध वारशाचं उदाहरण पाहिजे तर घटोत्कच. आई हिडिंबा राक्षसी, जन्मतःच वाढलेला, माया येतेच, शिकवणी नाही काही नाही. आणि तो व्हिलन नाही, पांडवांच्या बाजूने लढून मरतो.

इंद्रजितचं प्रकरण मिक्स आहे, आणि म्हणूनच भारी आहे. आई मंदोदरी, तिचा बाप मयासुर, म्हणजे मायेतला उस्तादच आजोबा. बाप रावण. एवढं असूनही उत्तरकांडात तो शुक्राचार्यांना हाताशी धरून एकामागोमाग एक सात यज्ञ करतो, आणि अंधार पसरवणारी तामसी माया त्याला त्यातून मिळते. रावण तिथे येतो तो खूष होण्याऐवजी भडकतो, कारण यज्ञ म्हणजे इंद्रासारख्या शत्रूंची पूजा झाली ना! बापाच्या पुढे जायला बापाच्या शत्रूंना आहुती देणारा मुलगा, या एका गोष्टीवर तुमचे दहा भाग निघतील.

मिक्स करायला हरकत नाही हो, फक्त पहिला भाग टाकायच्या आधी वहीत लिहून ठेवा की घराण्याने किती दिलं आणि बाकीचं त्याने स्वतः कुठून आणलं.

आईकडचा हिस्सा गायब

हे जवळजवळ प्रत्येक ड्राफ्टमध्ये असतं. शक्ती बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे, आणि बायका फक्त दिवा लावायला किंवा मरायला. अरे, कायद्याने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मुलांइतका हक्क दिला, तुमच्या जादूने अजून दिला नाही का? आणि पुराणातपण असं नाहीये, घटोत्कचाची माया सरळ आईकडची. बहिणीला डावलून सगळं एकट्याने घेतलेला व्हिलन किती चांगला होईल बघा, त्याला झोपच लागणार नाही.

सासरपण विसरू नका. नंतरच्या रामकथांमध्ये इंद्रजितची बायको सुलोचना ही शेषाची मुलगी, आणि लक्ष्मण शेषाचा अवतार. म्हणजे सासऱ्याच्याच हातून जावयाचा शेवट. हे ज्याने कोणी जोडलं त्याला मानलं पाहिजे.

शक्तीला अटच नाही

लक्षण: क्लायमॅक्स लिहिता येत नाहीये. व्हिलनला मारायचं कसं हेच लेखकाला माहीत नाही, मग ताईत, नाहीतर हिरोच्या आईचे अश्रू, नाहीतर अचानक वीज.

इथेपण इंद्रजित बघा. इंद्राला बांधून लंकेत आणलं, ब्रह्मदेव सोडवायला आले, याने बदल्यात अमरत्व मागितलं. ते नाही म्हणाले. मग सौदा असा ठरला की युद्धाआधी अग्नीत आहुती पूर्ण केली की त्यातून घोड्यांसकट रथ निघेल आणि त्यावर असेपर्यंत तो मरणार नाही, पण विधी अर्धवट सोडून लढायला उतरला तर मात्र मरण. म्हणजे ताकद आणि कमजोरी एकाच वाक्यात. शेवट बाहेरून काही आणून चिकटवलेला नाही, याच अटीवर झालाय, यज्ञ मोडला आणि लक्ष्मणाने ऐंद्रास्त्राने मारलं. इंद्राला जिंकून नाव कमावलेला इंद्राच्याच अस्त्राने गेला, वा!

आणि ती अट शत्रूला कोणी सांगितली? घरातल्याने. वारशाच्या जादूत हा फायदा फुकट मिळतो, रहस्य माहीत असणारे लोक आपोआप नातेवाईक असतात.

अट फार गुंतागुंतीची नको. महाभारतात राक्षसांचं बळ रात्री वाढतं एवढंच आहे. चौदाव्या दिवशी लढाई सूर्यास्तानंतरपण चालू राहिली आणि घटोत्कचाने इतका धुमाकूळ घातला की कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली इंद्राची शक्ती (हे एक अस्त्र), जी एकदाच वापरता येणार होती, ती त्याच्यावर टाकावी लागली. साधा नियम, पण सगळ्या युद्धाचा हिशोब बदलला.

तुमच्या ड्राफ्टमध्ये अडकला असाल तर मागे जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या भागात अट पेरा, तीपण सहज, एखादी म्हातारी बोलता बोलता बोलून जाते अशी. शेवटच्या भागात पहिल्यांदा अट आली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं आणि ते बरोबरच आहे.

पॉवर आहे, डोकं नाही

प्रत्येक वेळी आगीचे लोळ. कंटाळा येतो हो! चांगला व्हिलन कमी जादूत जास्त काम करतो. इंद्रजित मायेने एक खोटी सीता तयार करतो, रथात बसवतो, हनुमानासमोर तिचे केस धरून तिला मारतो. मारलं कोणाला? कोणालाच नाही. पण हनुमान खचतो, वानरसेना मागे फिरते, राम कोसळतो, आणि हा तेवढ्या वेळात निकुंभिलेत यज्ञाला जाऊन बसतो. त्याला फक्त वेळ पाहिजे होता! बिभीषणाने ती चाल ओळखली नसती तर पुढचं युद्ध वेगळं झालं असतं.

तर सीन लिहिताना आगीच्या आधी हे विचारा की व्हिलनला या क्षणी नक्की काय हवंय, आणि त्यासाठी सगळ्यात छोटी जादू कोणती पुरेल.

डायलॉग

"मूर्ख मानवा, तुझा अंत समीप आहे, हा हा हा." वाडा सावंतवाडीजवळचा, साल आत्ताचं, आणि भाषा पौराणिक सिरियलची. जो माणूस चहा पिताना शांतपणे "बस की, एवढी काय घाई आहे" म्हणतो त्याची जास्त भीती वाटते. पिढीजात श्रीमंत माणसं ओरडत नाहीत, पिढीजात मांत्रिक तरी का ओरडेल.

गावातली चेटकीण

इथे जरा सांभाळून. म्हातारी, एकटी, विधवा बाई आणि तिच्या आईकडून चेटूक आलेलं, अशी व्हिलन लिहिणं सोपं वाटतं, पण नंदुरबारसारख्या भागात डाकीण ठरवून खऱ्या बायकांना मारहाण झालेली आहे, आणि आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काही उगाच नाही आला. कथा लिहू नका असं म्हणत नाहीये मी. पण निदान तुमच्या गोष्टीत गावाने आधी आळ घेतला की आधी जादू होती, हे ठरवून लिहा. माझं मत विचाराल तर ती बाई निर्दोष आणि तिच्यावर बोट दाखवणारा पाटील खरा वारसदार, ही कथा जास्त रंगेल.

मेल्यावर जादू कुठे गेली?

वारसा आहे म्हटल्यावर हा प्रश्न येणारच, आणि बहुतेक जण एकच उत्तर देतात, शेवटच्या ओळीत पाळण्यातलं बाळ लाल डोळे उघडतं. कृपा करून हे बंद करा, कारण एकतर हे सगळ्यांनी वाचलंय आणि दुसरं म्हणजे यात परत रक्तच दोषी ठरतं. त्यापेक्षा दोन वारसदार जिवंत ठेवा, एकाला ती शक्ती हवीये आणि दुसऱ्याला नकोय, पण आली मात्र नको असलेल्याकडे. किंवा कोणीच उरलं नसेल तर ती शक्ती सांभाळायची जबाबदारी व्हिलनला मारणाऱ्या हिरोवर टाका. दुसरा सीझन लिहायचा असेल तर सुरुवात तिथून करा आणि अट मात्र पहिल्या सीझनचीच ठेवा, नवीन काढू नका.